तुमची कणगी भरली का?



आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. हो, बाईंचीसुद्धा चूक होते बरं का! ती चूक मला दाखवून दिली एका बटाट्यानं, ज्वारीच्या एका कणगीनं आणि फार पूर्वी होऊन गेलेल्या एका फ्रेंच शास्त्रज्ञानं. कशी, ते सांगते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही. ती आता हायस्कुलात जाते, हे वाचलं तर लाजेल. या मुलीचं मला एक कोडंच पडलं होतं. सकाळी पहिल्या तासाला ती नुसती बसून असायची. सातचा पाढा म्हणायला उभं केलं, की 'सात सक बेचाळीस'वर गाडी अडायची ती अडायचीच. मी रागवायची, "लक्ष कुठं आहे तुझं?" ती खाली बघायची. पण मधल्या सुट्टीत शाळेतली खिचडी खाऊन आली, की हीच मुलगी फळ्यावरची गणितं सगळ्यांच्या आधी सोडवायची! मला वाटायचं, ही सकाळी आळस करते.

मग जानेवारीतला एक शनिवार आला. शनिवारी सकाळची शाळा. मैदानावर कवायत चालली होती. मी 'एक-दोन-तीन-चार' म्हणत होते आणि ती मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. आम्ही तिला ओट्यावर निजवलं. जरा सावध झाल्यावर साखर-पाणी पाजलं. थोड्या वेळानं ती उठून बसली. मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"काय नाय बाई. नुसता च्या पिले."

"आणि काल रात्री?"

"भाकरी. दिवस मावळल्यावर लगीच."

गावात ज्वारीची काढणी चालू होती. तिचे आई-वडील भल्या पहाटे भाकरी बांधून रानात जात. मागं ही धाकट्या भावाचं आवरायची, त्याला अंगणवाडीत सोडायची, पाणी भरायची आणि पळत शाळेत यायची. तिच्या घरात ज्वारीनं भरलेली कणगी होती. पण तिच्या अंगातली कणगी मात्र रिकामी होती.

अंगातली कणगी? होय! आज त्याच कणगीची गोष्ट सांगायची आहे.

कणगी कशाला हवी?

शहरातल्या दोस्तांनी कदाचित कणगी पाहिली नसेल. बांबूच्या नाहीतर तुरीच्या काटक्यांचा विणलेला, माणसाएवढा उंच पिंप डोळ्यांपुढं आणा. आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेला. त्यात धान्य भरून ठेवतात. आता घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या. पण काम तेच. रब्बीची ज्वारी वर्षातून एकदाच येते आणि भूक मात्र रोज लागते! म्हणून आलेलं भरून ठेवायचं आणि पुरवून पुरवून खायचं.

झाडांचीही हीच अडचण असते. झाडाचं पान म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. मुळांकडून आलेलं पाणी आणि हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन, सूर्यप्रकाशाच्या चुलीवर पान साखर तयार करतं. ग्लुकोज म्हणतात ती साखर हीच. कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू मिळून ग्लुकोजचा एक रेणू होतो. सूर्याची ऊर्जा त्या रेणूत बांधली जाते.

पण सूर्य तर संध्याकाळी मावळतो! चूल विझते. झाडाचं जगणं मात्र थांबत नाही. रात्रीसुद्धा मुळं वाढत असतात, नवे कोंब फुटत असतात. त्यासाठी दिवसा केलेली थोडी साखर शिल्लक टाकायला हवी. म्हणजे झाडालाही कणगी हवीच.

साखर तशीच का नाही ठेवत?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय बाई? ग्लुकोज तसंच भरून ठेवायचं!" पण तसं नाही जमत. का, ते एका मनुक्याला विचारू. वाळलेला मनुका रात्री वाटीभर पाण्यात टाका. सकाळी तो टम्म फुगलेला दिसेल. मनुक्याच्या आत साखर असते आणि विरघळलेली साखर पाण्याला आत ओढून घेते. पेशीत सुटं ग्लुकोज भरून ठेवलं, तर पेशीही अशीच पाणी ओढत राहील. प्राण्यांच्या पेशींना तर वनस्पतींसारखी कडक भिंतही नसते. त्या फुगून फुटायच्याच!

मग निसर्गानं काय युक्ती केली? तुळशीचे १०८ मणी सुटे असले, तर घरभर घरंगळतात. दोऱ्यात ओवले, की एकच माळ, खुंटीला अडकवली की झालं! झाड तेच करतं. ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी एकमेकांना जोडून माळ करतं. पाण्याच्या हिशेबी हजार मणी वेगळे आणि हजार मण्यांची एक माळ वेगळी. माळ पाण्याला फारशी ओढत नाही आणि थंड पाण्यात विरघळतही नाही. या माळांच्या घट्ट कणांना म्हणतात स्टार्च, म्हणजेच तुमच्या पुस्तकातला पिष्टमय पदार्थ.

ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा, रताळं या सगळ्या झाडांच्या कणग्या आहेत. दाण्यातला स्टार्च असतो आतल्या इवल्या कोंबासाठी. पानं फुटेपर्यंत बिचारा खाणार काय? बटाट्यातला स्टार्च पुढच्या हंगामात 'डोळ्यां'तून फुटणाऱ्या कोंबांसाठी. आपण मधल्या मध्ये ती शिदोरी पळवतो आणि भाकरी-भाजी करून खातो! उपवासाची गंमत तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च. सोबत बटाटा आणि रताळं. म्हणजे उपवासाच्या दिवशी आपण एका ताटात तीन-तीन झाडांच्या कणग्या रिकाम्या करतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात ते उगाच नाही!

आता आणखी एक नवल ऐका. ज्वारीचं कणीस आपण खातो आणि कडबा बैल खातो. कडब्यातला सेल्युलोज हासुद्धा ग्लुकोजच्या मण्यांचीच माळ आहे. फक्त मण्यांमधली गाठ वेगळ्या तऱ्हेची. स्टार्चची गाठ आपल्या पोटाला सोडवता येते, सेल्युलोजची येत नाही. बैलालाही ती स्वतःला येत नाही; पण त्याच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव त्याला ती सोडवून देतात. मणी एकच, गाठ बदलली, की एकाची भाकरी होते आणि दुसऱ्याची वैरण!

करून पाहा

कणगी कुठं आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीनचं औषध घरी असतं ना? मोठ्यांना विचारून त्याचे चार-पाच थेंब दोन चमचे पाण्यात मिसळा. मग हे पदार्थ एका जुन्या ताटलीत ठेवून प्रत्येकावर एक-एक थेंब टाका : बटाट्याची चकती, शिजलेल्या भाताची शितं, साखर, कांद्याची पाकळी, कच्च्या केळ्याची चकती आणि चांगल्या पिकलेल्या केळ्याची चकती.

बटाटा आणि भात काळे-निळे होतील. स्टार्चच्या माळा स्प्रिंगसारख्या वळलेल्या असतात. त्या वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसलं, की तो रंग दिसतो. साखरेवर रंग बदलणार नाही. कांद्यावरही नाही! कांदा जमिनीत साठा करतो खरा. पण तो स्टार्चचा नसतो, वेगवेगळ्या साखरांचा आणि फ्रुक्टोज नावाच्या साखरेच्या आखूड माळांचा असतो. म्हणून तर कांदा परतला की गोडसर लागतो.

आणि केळी? कच्चं केळं काळं-निळं होईल, पिकलेलं मात्र फारसं होणार नाही. केळं पिकतं म्हणजे काय होतं, हे आता तुमचं तुम्हीच सांगा. बरोबर! माळा तुटून मणी सुटे होतात. म्हणून कच्चं केळं बेचव आणि पिकलेलं गोड.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आयोडीन लावलेलं काहीही तोंडात घालायचं नाही. आणि कपड्यांवर सांडू नका, नाहीतर आईची बोलणी खावी लागतील. बाईंचं नाव सांगून सुटका होणार नाही!

दुसरा प्रयोग तोंडातल्या तोंडात करता येतो. भाकरीचा कोरडा घास गिळू नका, दोन-तीन मिनिटं नुसता चावत राहा. हळूहळू गोडसर लागेल. आपल्या लाळेत माळा तोडणारा एक पदार्थ असतो. म्हणजे कणगी फोडायला तोंडातच सुरुवात होते.

पान रात्रीचा हिशेब करतं

दिवसा पानात जमलेला स्टार्च रात्री थोडा-थोडा फोडून झाड वापरतं. पण किती वेगानं फोडायचा? फार भराभर फोडला, तर पहाटेआधीच कणगी रिकामी. फार जपून फोडला, तर वाढ खुंटली.

इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटर या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यावर हे तपासलं. २०१३ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. ते रोपटं रात्री एका ठरावीक वेगानं स्टार्च फोडत जातं आणि बरोबर पहाटेच्या सुमारास साधारण ९५ टक्के साठा संपलेला असतो! शास्त्रज्ञांनी एक दिवस दिवे नेहमीपेक्षा चार तास आधीच बंद केले. रोपट्यानं लगेच हात आखडला आणि साठा पुन्हा पहाटेपर्यंत पुरवला. जणू 'शिल्लक भागिले उरलेले तास' असा भागाकारच केला. ना पाटी, ना पेन्सिल!

पहाटेला कणगी संपली तरी झाडाला चिंता नसते. सूर्य उगवला की चूल पेटते. आपली चूल मात्र सूर्य उगवल्यावर आपोआप पेटत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

द्राक्षमळ्यातला मुलगा

आता प्राण्यांकडे वळू. पूर्वी विद्वान लोक म्हणत, साखर तयार करावी ती वनस्पतींनीच. प्राण्यांनी ती फक्त खावी आणि खर्चावी. हे म्हणणं खोडून काढलं क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं.

बर्नार १८१३ साली फ्रान्समधल्या सेंट-ज्यूलियन या खेड्यात जन्मला. आई-वडील द्राक्षमळ्यात काम करणारे. तरुणपणी तो एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करी आणि नाटकं लिही. नाटककार काही तो झाला नाही, डॉक्टरीकडे वळला. ते बरंच झालं म्हणायचं!

त्यानं कुत्र्यांना नुसतं मांस खायला घालून पाहिलं, गोड किंवा पिठूळ काहीही नाही. तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात त्याला साखर सापडली. ही आली कुठून? १८५५ साली त्यानं एका प्राण्याचं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून बराच वेळ पाणी सोडलं. साखरेचा अंशही उरेना, इतकं ते धुतलं. मग ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर काय! धुतलेल्या यकृतात पुन्हा साखर हजर! म्हणजे यकृतात असं काहीतरी साठवलेलं होतं, जे पाण्यानं वाहून जात नाही, पण ज्यातून साखर निघते.

१८५७ साली बर्नारनं तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं ग्लायकोजेन, म्हणजे साखर निर्माण करणारा. ग्लायकोजेन म्हणजेच प्राण्यांचा स्टार्च. मणी तेच, ग्लुकोजचे. फरक इतकाच, की स्टार्चच्या माळेला फांद्या कमी असतात आणि ग्लायकोजेनच्या माळेला पुष्कळ. आठ-बारा मणी झाले की नवी फांदी! का बरं? माळेतला मणी टोकापासून काढावा लागतो. टोकं जितकी जास्त, तितके मणी एकाच वेळी निघतात. झाडाला कुठं पळायचं असतं? पण हरणाच्या मागं बिबट्या लागला, तर हरणाला साखर त्याच क्षणी हवी!

हे मणी टोकापासून कसे निघतात, याचा शोध गर्टी कोरी आणि कार्ल कोरी या पती-पत्नींनी लावला. त्यासाठी त्यांना १९४७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी गर्टी ही जगातली पहिली स्त्री.

दोन कणग्या आणि एक दामाजी

आपल्या अंगात ग्लायकोजेनच्या दोन मोठ्या कणग्या आहेत. एक यकृतात. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली हात ठेवा, तिथं यकृत असतं. मोठ्या माणसाच्या यकृतात पोटभर जेवणानंतर साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं. दुसरी कणगी स्नायूंमध्ये. तिच्यात सगळे मिळून साधारण ४०० ग्रॅम.

तुम्ही म्हणाल, स्नायूंची कणगी चौपट मोठी, मग काळजी कशाची? पण इथंच मेख आहे. स्नायू आपली साखर दुसऱ्या कुणाला देत नाहीत. ती बाहेर पाठवायची सोयच त्यांच्याकडे नाही. पायाच्या स्नायूतली साखर पायालाच. धावा, कबड्डी खेळा, सायकल हाणा, त्यासाठीच ती. मॅरेथॉन शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. ३० किलोमीटरच्या पुढं पुष्कळ धावपटूंचे पाय एकदम शिशासारखे जड होतात. स्नायूंची ही कणगी तळाला गेल्याचं ते एक मोठं कारण.

यकृताचा स्वभाव मात्र वेगळा. आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांची कथा तुम्ही ऐकली असेल. बहामनी राजवटीत मोठा दुष्काळ पडला, तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठार भुकेल्या लोकांसाठी खुलं केलं, असं सांगतात. यकृत म्हणजे आपल्या अंगातले दामाजीपंतच! रक्तात साखर कमी झाली रे झाली, की ते कोठार उघडतं आणि सगळ्या गावाला, म्हणजे साऱ्या शरीराला, साखर वाटतं. कोठार कधी भरायचं आणि कधी उघडायचं, याचा हुकूम स्वादुपिंडाकडून येतो. जेवण झाल्यावर इन्सुलिन सांगतं, 'भरा!' उपाशी असताना ग्लुकॅगॉन सांगतं, 'उघडा!'

"पण बाई, अंगावर चरबी असते ना? ती कशाला असते?" असं एकानं वर्गात विचारलं होतं. शाबास! चरबी हीसुद्धा कणगीच आणि फार मोठी. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठवताना सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी वागवावं लागतं. म्हणजे ओलं धान्य पाठीवर घेऊन चालण्यासारखं. चरबी कोरडी असते आणि तिच्या एका ग्रॅमात ग्लायकोजेनच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मावते. १० किलो चरबीतली ऊर्जा आपण ओल्या ग्लायकोजेनच्या रूपात बाळगली असती, तर ते ओझं ९० किलोंच्या आसपास भरलं असतं! झाडाला चालायचं नसतं, म्हणून त्याला जड कणगी परवडते. प्राण्याला हिंडायचं असतं, म्हणून जास्तीची बेगमी तो चरबीत करतो. पण मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही. त्याला रोजच्या कामाला ग्लुकोजच हवं. म्हणूनच यकृताची ती लहानशी कणगी इतकी मोलाची.

चला, गणित करू

मोठ्या माणसाचा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज खातो. २४ तासांत १२०, तर एका तासात? ५ ग्रॅम! म्हणजे चहाचा एक चमचा. आणि सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं तेही साधारण एक चमचाच. म्हणजे यकृतानं मागून पुरवठा केला नाही, तर एकटा मेंदूच तासाभरात सगळं संपवून टाकेल.

आता यकृतातले १०० ग्रॅम भागिले ५. उत्तर २० तास. पण रक्तातल्या तांबड्या पेशींनाही ग्लुकोज लागतं, इतर अवयवही थोडं घेतात. उलट यकृत दुसऱ्या पदार्थांपासून थोडं ग्लुकोज नव्यानं बनवतंही. सगळी जमा-वजा केली, तर मोठ्या माणसाची कणगी सुमारे एका दिवसात जवळजवळ रिकामी होते. नुसत्या एका रात्रीत तिचा मोठा हिस्सा संपतो. तुमचं यकृत तर मोठ्यांपेक्षा लहान आणि वाढत्या वयातला मेंदू मोठ्यांपेक्षाही खादाड!

मग त्या मुलीचा हिशेब करा. संध्याकाळी ७ वाजता जेवण. शनिवारी सकाळी ८ ला कवायत. किती तास झाले? तेरा. रोजच्या दिवशी दुपारी १ ला खिचडी मिळेपर्यंत किती? अठरा! मध्ये फक्त एक कप चहा. चहात दोन चमचे साखर धरली, तर ती १० ग्रॅम, म्हणजे मेंदूला जेमतेम दोन तासांची. आता एका भाकरीला साधारण ७० ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं असं धरा. त्यात सुमारे ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. शिवाय भाकरीतली साखर एकदम न येता सावकाश रक्तात येते. चहा कुठं आणि भाकरी कुठं!

साखर कमी पडू लागली म्हणून शरीर लगेच बंद पडत नाही, ते चरबीवर आणि इतर साठ्यावर ढकलगाडी चालवतं. पण डोकं जड होतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. सातचा पाढा अडतो. आणि बाई म्हणतात, "लक्ष कुठं आहे तुझं?"

ही माझी चूक. मी तिच्या वहीतल्या चुका रोज तपासत होते. पण तिनं सकाळी काय खाल्लं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

हजेरी

त्या सोमवारी मी फळ्यावर यकृताचं चित्र काढून ही सगळी गोष्ट वर्गाला सांगितली. मग आम्ही मिळून ठरवलं, की संध्याकाळी भाकरी करताना प्रत्येकानं घरी एक जास्तीची ठेवायला सांगायची. सकाळी ती कुस्करून, दुधात नाहीतर चटणीशी खायची. सोबत मूठभर शेंगदाणे असले तर उत्तमच. हे काही महागाचं नाही आणि चौथीतल्या मुलीला चूल न पेटवताही करता येतं.

तिच्या आईला मी रानात जाऊन भेटले. ती कणसं खुडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाई, रातची भाकरी ठिवायची असती हे काय मला कळत न्हाय व्हय? पर पोरगी म्हनती, भूक नाय. मी बी घाईत." त्या दिवसापासून झाकलेल्या टोपलीत एक भाकरी तिच्यासाठी राहू लागली. महिनाभरात 'सात सक बेचाळीस'च्या पुढची गाडी सत्तरपर्यंत सुसाट जायला लागली.

पालकांनाही एक सांगायचं आहे. सकाळी मूल 'भूक नाही' म्हणालं, तरी त्याला चार घास खाल्ल्याशिवाय पाठवू नका. शहरात बस पकडायची घाई आणि खेड्यात रानाची घाई. कणगी दोन्हीकडे सारखीच रिकामी असते. आणि व्यवस्थित खाऊनही मुलाला पुन्हा पुन्हा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. त्याचं कारण वेगळं असू शकतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात हजेरी घेताना मुलं 'हजर' म्हणत नाहीत. मी नाव पुकारलं, की उत्तर येतं, "कणगी भरली, बाई!" दुसऱ्या वर्गातली मुलं हसतात. हसू देत!

पण एखाद्या दिवशी एखादं मूल हळूच नुसतं "हजर" म्हणतं. मग मी काही विचारत नाही. खिडकीतल्या डब्यात शेंगदाणे आणि गूळ ठेवलेला असतो. कुणीतरी मुकाट्यानं उठतं, डबा त्या मुलाच्या पुढ्यात ठेवतं आणि परत जागेवर येऊन बसतं. मी पुढचं नाव घेते.

आणि मग आम्ही पाढे म्हणतो.